येतो म्हणजे कोण येतो?

“येतो म्हणजे कोण येतो?” काचेपलीकडच्या मुलीनं तिसऱ्यांदा विचारलं.

“मी,” अक्का म्हणाली.

“तुम्ही येता. मग येतो कोण?”

“मीच की, बाई.”

मुलीनं शेजारच्या गोऱ्या साहेबाकडं बघितलं आणि हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबानं मान हलवली आणि समोरच्या कागदावर लिहिलं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पुढचा नंबर माझाच होता. 

मुंबईतल्या एका वकिलातीत घडलेली ही गोष्ट. कुठल्या देशाची ते मी सांगत नाही. नाव घेतलं की अजून तोंड कडू होतं. आमच्या घरात त्या देशाला नुसतं ‘तिकडं’ म्हणतात.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पद्मावती मगदूम. जयसिंगपुरात जन्मली, जयसिंगपुरातच तिचं लग्न झालं, चार गल्ल्या ओलांडून सासरी गेली. मी त्रिशला. मला पुण्याला दिली. पुण्यात टेलिफोन खात्यात तीस वर्षं हेडफोन लावून बसले, त्यामुळे माझी भाषा साफ बाटली. जयसिंगपूरची मुलगी असून मी ‘येते, जाते, जेवले’ म्हणायला लागले. तुम्ही म्हणाल, मग काय म्हणायचं? अहो, आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीला बायका सरळ ‘मी येतो, मी जेवलो, मी आलो’ म्हणतात. आमची आई म्हणायची, आजी म्हणायची. त्यात कुणाला काही खटकत नाही. अक्काला साठी उलटली तरी ती ‘येतो’ म्हणायची, आणि तिची लेक सुप्रभा दहा वर्षं तिकडं राहून, तिथल्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलून, फोनवर आईला म्हणायची, “आई, मी आत्ताच जेवलो.”

त्या सुप्रभासाठीच आम्ही दोघी बहिणी वकिलातीत बसलो होतो. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. उपचार वर्षभर चालणार होते. विमानात बसवून तिला इकडं आणायची डॉक्टरांची परवानगी नव्हती. जावई सुकुमार भला माणूस, पण नोकरी सोडली असती तर उपचारांचा विमाच गेला असता. तो दिवसभर कामावर, आणि पोर एकटी पलंगावर. मूलबाळ नाही. तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं.

इकडं दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली आणि बरोबर वाचाही गेली. सगळ्या शब्दांतला एकच शब्द त्यांच्या तोंडात उरला होता, ‘बघू’. भूक लागली तरी बघू, दुखलं तरी बघू. त्यांना सोडून अक्का महिन्यापेक्षा जास्त लांब राहू शकत नव्हती. मी नुकतीच रिटायर झालेली, पोरंबाळं नाहीत, नवरा स्वतःचा चहा स्वतः करून पिणारा. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, पाळी लावायची. एक महिना अक्का तिकडं आणि मी जयसिंगपुरात दाजींजवळ. पुढचा महिना मी तिकडं आणि अक्का घरी. वर्षभर असं चालवायचं.

त्यासाठी सारखं जा-ये करता येईल असा व्हिसा लागतो. त्याला मल्टिपल एंट्री म्हणतात. एकदाच जायचं असेल तर नुसते कागद दिले की भागतं, पण असा व्हिसा हवा असेल तर समोर बसून बोलावं लागेल, असं आम्हाला सांगितलं होतं. अक्काला इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी ती दुभाषी मुलगी दिली होती. मराठी बोलायची, पण मुंबईच्या शाळेत शिकलेली मराठी. घरात दुसरीच भाषा असावी. वाईट नव्हती बिचारी. अक्काला तिनं आधी पाणी दिलं होतं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. लेक काय करते, आजार काय, खर्च कोण करणार, सगळ्याची उत्तरं अक्कानं सरळ दिली. मग साहेबानं तो प्रश्न विचारला आणि मुलीनं तो मराठीत केला.

“महिना झाला की तुम्ही मुलीला सोडून जाणार ना?”

 अक्कानं पदर सारखा केला. आता हे तुम्हाला सांगायला नको, दारातून बाहेर पडताना आपल्यात कुणी जातो म्हणत नाही. शेतावर निघाला तरी येतो म्हणायचं, काशीला निघाला तरी येतो म्हणायचं. जातो म्हटलेलं माणूस आमच्या आईनं परत आत बोलावून, बसवून, पाणी पाजून पुन्हा नीट निरोप घ्यायला लावलेलं मी पाहिलंय. आणि इथं लेक अंथरुणाला खिळलेली, तिच्या उशाशी बसून जाणार म्हणायचं? अक्काच्या जिभेवर तो शब्द येणंच शक्य नव्हतं.

“येतो की,” अक्का म्हणाली.

तिथून ते ‘कोण येतो’ सुरू झालं. मुलीला वाटलं, पुरुष येतो. कोण पुरुष? घरात एकच, नवरा. तिनं विचारलं, “तुमचे मिस्टर पण तिकडे येणार आहेत का?”

अक्का हळवी झाली. म्हणाली, “त्यांना लई यायचंय, बाई. लेकीला बघायला जीव तुटतोय त्यांचा.”

झालं. मुलीनं ते जसंच्या तसं साहेबाला सांगितलं. आई जाणार म्हणत नाही, आणि मागून बापही यायला बघतोय. मग यांचं इकडं उरलं कोण, ज्याच्यासाठी ही बाई परत येईल?

मला राहवलं नाही. माझं तोंड म्हणजे काय विचारता. मी उठून काचेजवळ गेले आणि माझ्या टेलिफोन खात्याच्या इंग्रजीत साहेबाला म्हटलं, “सर, इन अवर लँग्वेज, कमिंग इज गोइंग.”

साहेबानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “कमिंग इज गोइंग?”

“येस सर. अँड शी इज ही.”

त्यांनी मला नम्रपणे खाली बसायला सांगितलं. मी बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण जगात काही खऱ्या गोष्टी अशा असतात की सांगितल्या की माणूस वेडा वाटतो.

माझा नंबर आला तेव्हा साहेबानं मलाही तेच विचारलं, महिना झाला की परत जाल का? मी म्हटलं, येस सर, आय विल गो. मला काय, मी बाटलेली. तो हसला आणि कागद बाजूला ठेवला.

दहा-बारा दिवसांनी पासपोर्ट घरी आले. दाजींच्या पलंगापाशी बसूनच आम्ही पाकिटं फोडली. माझ्या पासपोर्टवर मल्टिपल. अक्काच्या पासपोर्टवर सिंगल. वर्षभरात कधीही एकदा जायचं, तीस दिवस राहायचं, बाहेर पडलं की संपलं.

“म्हणजे मावशीनं कितीबी वेळा जायचं आणि आईनं एकदाच?” अक्कानं विचारलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा पुन्हा तो कागद बोटानं चाचपला. त्यावर काही लपलंय आणि चाचपल्यावर सापडेल असं तिला वाटत असावं.

मी दाजींना सगळं सांगितलं. तुमच्यावरून घोळ झाला, तुम्ही तिकडं येताय असं त्या साहेबाला वाटतंय. दाजींच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. त्यांनी आपल्या मेलेल्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, “बघू.”

त्या दिवशी अक्का जेवली नाही. संध्याकाळी ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण ती त्याला चूल म्हणायची, पाटावर बसली आणि मला म्हणाली, “त्रिशला, घरात एक वाटी तूप उरलंय असं समज. आजच्या पोळीवर घालू का सणाला ठेवू?”

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. मी म्हटलं, आजच घाल. सण कुणी बघितलाय.

“आणि आज घातलं आणि खरी गरज उद्या पडली तर?”

 ‘खरी गरज’ म्हणजे काय ते आम्ही दोघींनीही उच्चारलं नाही. तिच्या लेकीला कधी सगळ्यात जास्त दुखेल, याचा हिशेब आईनं मांडायचा. देवानंसुद्धा कुठल्या आईला असा हिशेब घालू नये. शेवटी तिनं ठरवलं, आपली एकुलती खेप राखून ठेवायची. पहिल्यांदा मी जायचं.

मी गेले. हॉस्पिटलात सुप्रभाला बघितलं आणि दारातच थांबले. केस गेलेले, गालाची हाडं वर आलेली. पण डोळे तेच, आमच्या आईचे. तिनं माझ्यामागं दाराकडं बघितलं. “आई?”

मी तिला सगळी हकीगत सांगितली. साहेब, ती मुलगी, येतो म्हणजे कोण येतो, आणि माझं ते इंग्रजी. रडेल असं वाटलं होतं, तर पोर हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली, तरी हिचं हसू थांबेना. “कमिंग इज गोइंग! मावशी, तू खरंच असं म्हणालीस?” मग तो आमचा खेळच झाला. मी पाणी आणायला उठले, येते गं म्हटलं, की ही डोळे मिटूनच विचारायची, “येतो म्हणजे कोण येतो?” नर्सनाही तिनं शिकवलं. एक काळी, धिप्पाड नर्स होती, फार मायाळू. ती दारात उभी राहून ‘येटो’ म्हणायची आणि सुप्रभा तिलाही विचारायची, कोण? “मीऽऽऽ,” ती म्हणायची. त्या सगळ्या महिन्यात माझं मन हलकं झालं असेल तर तेवढ्याच वेळात.

महिना भरला, मी परत आले. दीड महिन्यानं पुन्हा गेले. मध्ये सुप्रभाचं रक्त सुधारलं, मग पुन्हा घसरलं. सुधारलं की अक्का म्हणायची, आता नको, बरी आहे, राखून ठेवू. घसरलं की म्हणायची, आत्ता गेलो आणि पुढं जास्त झालं तर?  मी तिच्यावर चिडले, ओरडले. ठेवून ठेवून व्हिसाच्या तारखेला बुरशी लागेल, म्हटलं.  शेवटी सुप्रभानंच फोनवर सांगितलं, “आई, ये आता. मला पुरणपोळी खायचीय.” तिच्या घशाखाली तेव्हा नीट पाणीही उतरत नव्हतं.

अक्का गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. मी जयसिंगपुरात दाजींची उशी सरळ करत, त्यांना खिमट भरवत तो महिना काढला. रोज फोन यायचा. सुप्रभानं पोळीचा घास जिभेवर ठेवला, गिळला नाही, पण चव घेतली. अक्कानं तिला तेल लावलं, डोक्याला, जिथं केस नव्हते तिथंही. त्या दिवसांत पोरीचं रक्तही बरं होतं. सुकुमारनं मला फोनवर सांगितलं की एकदा त्यानं दारातून बघितलं, तर दोघी मायलेकी एकाच पलंगावर झोपल्या होत्या आणि सुप्रभाचा हात आईच्या पदराच्या गाठीत होता.

तीस दिवस संपत आले तसं सुकुमारनं अक्काला सुचवलं, राहा, कोण काय करतंय, जास्तीत जास्त दंड होईल. अक्कानं मला फोन करून विचारलं. मी पलीकडं दाजींकडं बघितलं. ते माझ्याचकडं बघत होते. मी म्हटलं, अक्का, वेळेवर बाहेर पडलीस तर पुढच्या वेळी त्यांना कळेल तू परत येणारी बाई आहेस. मग मल्टिपल देतील. हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ते मनापासून खरं मानत होते.

अक्का परत आली.  घरात शिरली, दाजींच्या पायाशी बसली आणि रडली. दाजींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नव्यानं अर्ज केला. परतीचा शिक्का आहे, आता कसे नाही म्हणतील? पण पुन्हा समोर बसवलं तर काय, म्हणून मी अक्काची तयारी घेतली. भाजी निवडता निवडता तिला म्हणायला लावायचे, “मी तीस दिवसांनी परत जाईन.” अक्का म्हणायची, “मी तीस दिवसांनी परत...” आणि तिथंच अडकायची. मी म्हणायचे, अगं एक शब्द आहे, त्यात काय, औषध समजून गीळ. एकदा तिनं डोळे मिटून म्हटलं, “जाईन.” आणि लगेच जीभ चावली, बाहेर धावली आणि बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या दिशेनं हात जोडले. पलंगावरून दाजी म्हणाले, “बघू.”

समोर बसवलंच नाही. कागद घेतले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि सांगितलं, कळवू. महिना झाला, कळवलं नाही. मी फोन करायचे, तर बटणं दाबायला सांगणारा आवाज. जन्मभर मी फोन जोडून दिले लोकांना, आणि मला एक माणूस जोडून मिळेना. अक्काचा पासपोर्ट तिकडं कुठल्यातरी कपाटात, आणि अक्का इकडं.

तेवढ्यात सुकुमारचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. मी माझा पासपोर्ट घेतला. दारात अक्का उभी होती. तिनं माझ्या हातात पुरणाची वडी केळीच्या पानात बांधून दिली. कस्टमवाले घेऊ देत नाहीत हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. मी तरी घेतली. मुंबईला पोचेपर्यंत ती मांडीवर धरली होती आणि विमानतळाबाहेर एका बाकावर बसून मी ती स्वतः खाल्ली. टाकवली नाही.

सुप्रभा आता बोलत नव्हती म्हटलं तरी चालेल. दिवसातून एखाददुसरा शब्द. मी पोचल्यावर तिनं मला ओळखलं, माझं मनगट धरलं. खूप वेळानं, तुटक तुटक, तिनं मला आईच्या निघण्याची गोष्ट सांगितली. आई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, येतो. “मी गंमत केली,” सुप्रभा म्हणाली. “विचारलं, येतो म्हणजे कोण येतो?”

“मग?”

“ती हसली नाही. मी, म्हणाली. मी येतो.” सुप्रभानं दम घेतला. “येतो म्हणालीय, मावशी. म्हणजे येणार.”

मी तिला सांगायला हवं होतं का, की पासपोर्ट कपाटात पडलाय? मी सांगितलं नाही. मी म्हटलं, हो तर, अक्का येतो म्हणाली म्हणजे आलीच समज. सुकुमार खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

दोन दिवस गेले. डॉक्टरांनी सुकुमारला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दुपारी तो आपल्या आईवडिलांना फोन करायला बाहेर गेला आणि मी तिच्याजवळ एकटी होते. तिचा श्वास मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. मी अक्काला फोन लावला. तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडची सकाळ. फोन वाजत राहिला. अक्का बस्तीत गेली असणार, आणि दाजी पलंगावर पडून वाजणाऱ्या फोनकडं बघत असणार. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मी खोलीतल्या फोनचा रिसीव्हर हातात धरून उभी होते आणि मला कळेना कुणाला शिव्या घालू.

ओल्या कापसानं तिचे ओठ पुसावेत म्हणून मी दारापाशी ठेवलेली वाटी घेतली आणि परत वळले. माझ्या चपलेचा आवाज झाला असेल. सुप्रभाचे डोळे मिटलेले होते. तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“कोण येतो?” ती म्हणाली.

खेळातलं विचारत होती की खरंच, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी म्हणणार होते, मावशी आहे गं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “आई?”

पुण्यात गेल्यापासून माझ्या तोंडून जी भाषा सुटली होती ती कुठून वर आली मला माहीत नाही. आवाजसुद्धा माझा नव्हता, थेट अक्काचा होता.

“आलो,” मी म्हटलं. “आलो गं, बाळा.”

तिनं माझ्या पदराची गाठ चाचपली आणि मुठीत धरली.

मी परत जयसिंगपूरला आले तेव्हा अक्का ओट्यापाशी दाजींचं खिमट ढवळत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. पासपोर्ट अजून आला नव्हता. नंतर आला, पण तेव्हा तो कुणाला हवा होता? मी पाटावर बसले.  ढवळता ढवळताच तिनं विचारलं, “शेवटी काय म्हणाली?”

मी सांगितलं. तिनं कुणाला हाक मारली ते, आणि मी काय म्हटलं ते. एक शब्द लपवला नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. तिनं गॅस बारीक केला.

“आलो म्हणालीस?”

“हो.”

“आलोच म्हणालीस ना? आले नाही?”

“आलो म्हटलं, अक्का.”

ती मान हलवत राहिली. मग पदरानं पातेलं धरून खाली उतरवलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “येतो म्हणालो होतो मी तिला.”

आणि वाटी घेऊन दाजींना भरवायला गेली.